बारा आठवड्यांचे विमान

दिवाळीचा किल्ला अपुरा राहिलेला तुम्ही कधी पाहिला आहे काय? मी तरी पाहिलेला नाही. बुरूज वाकडा असेल, महादरवाजापेक्षा पहाऱ्यावरचा मावळाच उंच असेल, महाराजांचे सिंहासन नेमके तोफेच्या तोंडासमोर आले असेल; परंतु वसुबारसेच्या संध्याकाळी पणती लावावयाची वेळ आली की किल्ला उभा असतो. बडोद्यातील मराठी घरांनी ही रीत पुणे-सातारकरांइतक्याच हट्टाने सांभाळली. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा येथील किती तरी वाडे पडले, त्यांच्या जागी सदनिका आल्या. तरी जिन्याखालच्या कोपऱ्यात किंवा मोटारी ठेवण्याच्या जागेच्या भिंतीलगत आजही पोरे माती कालवताना दिसतात.

या किल्ल्यामागे एक गणित असते. किल्ल्यावर हिरवळ हवी म्हणून अळीव पेरतात. ते दोन-तीन दिवसांत उगवते, पण डोंगर हिरवा दिसावा इतके वाढावयास पाच-सहा दिवस घेते. म्हणजे वसुबारसेला हिरवळ हवी तर पेरणी आदल्या आठवड्यात. पेरणीपूर्वी मातीचा लेप. लेपापूर्वी दगड, विटा आणि गोणपाट. आणि त्याहीपूर्वी कोणाच्या तरी अंगणातून चांगली माती मिळविणे. पाचवीतला मुलगा हे सारे बोटांवर उलटे मोजतो. त्याला ते कोणी शिकविलेले नसते. तारीख पंचांगाने दिलेली असते आणि अळीव कोणाच्या घाईला जुमानत नाही, एवढे त्याला पक्के ठाऊक असते.

तोच मुलगा मोठा होतो, त्याच्या हाती चार पैसे येतात, आणि तो विमानांच्या, जहाजांच्या, आगगाड्यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती करण्याचा छंद धरतो. मग मात्र चमत्कारिक प्रकार होतो. कपाटात पेट्यांचा ढीग वाढत जातो आणि पुऱ्या झालेल्या प्रतिकृती एका फळीवर मावतात. हात बिघडलेले नसतात, हौसही आटलेली नसते. वसुबारस तेवढी नाहीशी झालेली असते.

ज्या वाचकांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दुकानात पेटी मिळते. तीत प्लॅस्टिकच्या चौकटींना जोडलेले पन्नास-साठ, कधी शे-दोनशे सुटे भाग असतात. ते कापून, घासून, चिकटवून, रंगवून विमान उभे करावयाचे. विमानांचे सर्वांत रुळलेले प्रमाण १:७२ चे. म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट तेथे एक इंच होतात. इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीने आपली पहिली विमानाची पेटी काढली, ती स्पिटफायरची. आगगाडीवाल्यांचे प्रमाण निराळे, १:८७ चे. ते पाहावयाचे तर पुण्यास कोथरूड भागात जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, तेथे जावे. १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. तिकीट काढून आलेल्या माणसाला ‘अजून थोडे राहिले आहे’ असे सांगता येत नाही; त्यामुळे तेथे सिग्नल पडतात आणि गाड्या सुटतात. घरच्या छंदाला तिकीट नसते, आणि त्याची खरी अडचण येथेच आहे.

आमच्या घरी हा छंद काकांचा. आम्ही मूळचे शहरातल्या वाड्यातले. पुढे समा भागात घर केले. माझे वडील कलावंत कारखान्यातले, दरबारच्या अगदी अखेरच्या पिढीतले तबलावादक. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. काका त्यांच्याहून अकरा वर्षांनी धाकटे. आज त्यांचे वय ८६. घरात सूरतालाचा एवढा दंगा असता काका मात्र नकाशे काढावयास शिकले आणि जन्मभर ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. अर्ध्या मिलिमीटरची चूक त्यांना बेसुऱ्या गंधारासारखी टोचते. त्यामुळे त्यांनी आरंभिलेल्या प्रतिकृती सुरेख होत आणि निम्म्यावर राहत. एक भाग पुरा झाला की तो आणखी बरा करता येईल असे त्यांना वाटे. तो बरा करीपर्यंत दुसरी पेटी उघडली जाई.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला मोठा पूर आला. शहराच्या अनेक भागांत पाणी शिरले, त्यांत समाही होते. पुरी झालेली पाच विमाने दिवाणखान्यात काचेच्या कपाटात वरच्या फळीवर होती. ती आजही आहेत. अर्धवट कामे, मागून बघू म्हणून, टेबलाखालच्या खणांत होती. पाणी ओसरल्यावर त्यांतून आम्ही चिखल बाहेर काढला. माळ्यावर ठेवलेली एक न उघडलेली पेटी तेवढी वाचली. ती स्पिटफायरची होती, आणि काकांनी ती का घेऊन ठेवली होती ते बडोदेकरांना सांगितले पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलाच्या एका तुकडीला आपल्या शहराचे नाव होते: १२४ वी (बडोदा) स्क्वॉड्रन. महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या काळात संस्थानने दिलेल्या देणगीवरून हे नाव पडले. मे १९४१ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तर टोकाजवळ कॅसलटाउन येथे ही तुकडी नव्याने उभी राहिली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती लंडनजवळच्या बिगिन हिल तळावर आली. स्पिटफायर विमानाच्या एकामागून एक सुधारलेल्या जाती तिने वापरल्या. १९४५ च्या आरंभी हॉलंडमधील व्ही-२ अग्निबाण सोडण्याच्या ठाण्यांवर तिने हल्ले चढविले. १ एप्रिल १९४६ रोजी तिचा क्रमांक बदलून ५६ करण्यात आला आणि हे नाव पुसले गेले. तिच्या विमानांवर ‘ओ’ आणि ‘एन’ ही इंग्रजी अक्षरे असत. तिसरे अक्षर ज्या त्या विमानाचे. बोधचिन्हावर होते चक्क मुंगूस! काका त्या वेळी शाळेत जाण्याच्या वयाचे. ‘आपले विमान विलायतेत उडते’ असे वाड्यातली मोठी माणसे सांगत, तेवढे त्यांच्या मनात राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी इतर विमाने केली. हे मात्र ‘नीट सवडीने’ करावयाचे म्हणून ठेवून दिले होते.

सवडीची ती कल्पना गेल्या वर्षी संपली. काकांच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग वयोमानाने झिजत चालला आहे. या विकारात कडेचे दिसत राहते, पण ज्याच्याकडे रोखून पाहावे ते नेमके पुसट होते. वाचावयास घेतलेला शब्द नाहीसा होतो, त्याच्या भोवतीचे शब्द दिसतात. सहा महिन्यांनी किती दिसेल हे सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. घरी आल्यावर काका दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “ती बडोद्याची पेटी काढ रे. हात तुझे चालव. पण मला दिसते आहे तोवर झाली पाहिजे.”

मी गाणेवाजविणे शिकविणारा मनुष्य. मला काम पुरे करण्याची एकच विद्या येते: सम कोठे आहे ते आधी ठरविणे. काका यावर कोटी करतात की, समात राहणाऱ्याने सम चुकवू नये. आम्ही पंचांग घेऊन बसलो. आमच्या घरी खंडेनवमीस वाद्यांची पूजा होते. काकांची पट्टी, कंपास आणि पेन्सिलीही तेथेच मांडतात. त्या पाटावर विमान ठेवावयाचे, असे ठरले. २०२५ साली खंडेनवमी १ ऑक्टोबरला, बुधवारी होती. तेथून उलटे मोजत आलो तर गुरुपौर्णिमा सापडली: १० जुलै, गुरुवार. दोन्ही दिवस धरून बरोबर चौऱ्यायशी दिवस, म्हणजे बारा आठवडे. बारा मात्रांचा एकताल आणि तेराव्या गुरुवारी, दसऱ्याला, सम. असे काही जुळून आले की गवयाला शुभशकुन झाल्यासारखे वाटते. ड्राफ्ट्समनला तसे वाटत नाही. काकांनी चौकटींची वही मागविली आणि बारा उभे रकाने आखावयास लावले.

आमचे वेळापत्रक कसे बांधले ते जरा विस्ताराने सांगतो, कारण सारी मेख तेथे आहे. नवखा मनुष्य फक्त हाताच्या कामाचा वेळ धरतो. आम्ही आधी वाळण्याचा वेळ मांडला. एनॅमल रंगाच्या एका हातानंतर एक पुरा दिवस, पावसाळी हवेत दोन. सांध्यात भरलेली पुट्टी घासण्यापूर्वी एक रात्र. चकाकीचे वॉर्निश दोन दिवस. पाण्यात भिजवून लावावयाची चिन्हे नीट बसावयास एक दिवस. हे जोडत गेलो तर विमानाच्या कामात हात लावण्यापेक्षा हात न लावण्याचेच दिवस जास्त निघाले! ते वेळापत्रकात लिहिलेले असले की वाट पाहणेही काम ठरते; लिहिलेले नसले की त्याच रिकाम्या संध्याकाळी मनुष्य दुसरी पेटी उघडतो.

त्यानंतर बाहेरून यावयाच्या वस्तू. पेटीत ‘ओ’ आणि ‘एन’ ही अक्षरे नव्हती. तिच्यातली चिन्हे दुसऱ्याच तुकडीची होती. अक्षरांचा निराळा संच मागवावा लागणार होता. तो लागणार दहाव्या आठवड्यात. म्हणून मागणी पहिल्या आठवड्यात नोंदविली. तो पोचला आठव्यात. मागणी आठव्यात नोंदविली असती तर खंडेनवमीला आमचे विमान बिननावाचे बसले असते.

एकतालात तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर खाली असते. तेथे टाळी नाही, पण मात्रा मोजावीच लागते. आम्हीही तिसरा आणि सातवा आठवडा कामाविना ठेवला. पुतण्यांना हा आळशीपणा वाटला. पण तिसऱ्या आठवड्यात नागपंचमी होती, आणि सातव्याच्या शेवटच्या दिवशी, २७ ऑगस्टला, गणेशचतुर्थी. मखराच्या कागदांत कोणाला विमान सुचणार? शिवाय झाले असे की, सहाव्या आठवड्यात पोटाकडचा करडा रंग लावला आणि पाऊस जो लागला तो चार दिवस उघडेना. दमट हवेत रंग वाळता वाळेना. बोट लावावे तर ठसा उमटे. साधे वेळापत्रक तेथेच कोलमडते, आणि एकदा कोलमडले की वही बंद होते ती कायमची. आमची खाली पुढे उभी होती. गणपतीची आरास चालली असता कपाटावर विमान आपले आपण वाळून गेले.

रोजचे काम किती? माझे शेवटचे विद्यार्थी रात्री साडेआठला जातात. त्यानंतर चाळीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. दहा आठवड्यांचे मिळून तेहतीस तास आणि वर थोडी मिनिटे. एका सलग रविवारी दहा तास बसणारे लोक मला माहीत आहेत. त्यांतले बरेच पुढचे तीन रविवार बसत नाहीत. रियाजाचेही असेच असते, पण तो उपदेश मी विद्यार्थ्यांना पुरेसा करतो, येथे नको.

चौथ्या आणि पाचव्या आठवड्याविषयी मात्र लिहिलेच पाहिजे. विमानाचे दोन उभे अर्धे भाग चिकटविले की पाठीवरून एक सांधा जातो. तो भरून, घासून असा नाहीसा करावयाचा की तेथे कधी जोड होता हे कळू नये. या कामात डोळा फसतो. पांढऱ्या पुट्टीवर डोळ्याला सारे सारखे दिसते. प्रायमर चढला की भेग हसत वर येते. ती ओळखण्याची जुनी युक्ती म्हणजे डोळे मिटून सांध्यावरून नखाचे टोक फिरविणे. मी ते काम काकांच्या हाती दिले. १५ सेंटिमीटरांहून थोडे अधिक पंख असलेले ते विमान तळहातावर घेऊन काका रोज संध्याकाळी खुर्चीत बसत. पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर दोन बोटांत धरून पाच-दहा वेळा हलक्या हाताने फिरवीत, मग नख. “येथे अजून आहे.” मला भिंगातूनही काही दिसत नसे. पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा नख. वडील तबल्याच्या शाईवर असेच बोट फिरवून पाहत असत. नवव्या दिवशी काका म्हणाले, “आता नाही.” प्रायमर चढविला. सांधा कोठे होता ते मला आजही सांगता येत नाही.

मग रंग. १९४१ च्या उत्तरार्धापासून त्या विमानांची पाठ सागरी करडी आणि गडद हिरवी अशी पट्टेदार असे, पोट फिकट करडे, पंखांच्या पुढच्या कडेला पिवळी पट्टी, आणि शेपटीजवळ फिकट हिरवट निळा पट्टा. अक्षरेही त्याच फिकट रंगाची. पिवळी पट्टी व शेपटीजवळचा पट्टा काकांना कडेच्या नजरेने सर्वांत चांगले दिसत. ते रंगविताना त्यांनी मला तीन वेळा थांबविले आणि तिन्ही वेळा त्यांचेच खरे होते.

नवव्या आठवड्यात आमच्यात थोडी झकापकी झाली. काकांच्या मनात आले की वैमानिकाच्या आसनाचे पट्टे कागदाचे करून घालावेत. पेटीत ते नव्हते, खऱ्या विमानात होते; म्हणजे त्यांचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. मी वहीचे शेवटचे पान उघडून वर ‘पुढच्या विमानासाठी’ असे लिहिले व पट्ट्यांची नोंद केली. काका रागावले. “तुझ्या वहीसाठी मी विमान करतो की काय?” म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच त्या पानावर आणखी दोन नोंदी सांगितल्या. आज तेथे चौदा आहेत. वेळापत्रकाने छंदाची कचेरी होते, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हे पान पाहावे. कचेरीत एवढ्या कल्पना सुचत नाहीत.

पितृपक्षात नवे काही आरंभू नये म्हणतात; चालू काम थांबवावे असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. वडिलांच्या तिथीला मात्र टेबलाशी कोणी बसले नाही. त्याच आठवड्यात अक्षरे लागली. प्रत्येक अक्षर कोमट पाण्यात अर्धा मिनिट, मग ब्रशाने सरकवून जागेवर, मग चिंधीच्या टोकाने पाणी टिपावयाचे. वर चपट्या वॉर्निशचा हात द्यावयाचा होता, आणि हे वॉर्निश दमट हवेत पांढुरके होते. दोन महिन्यांचे काम एका संध्याकाळी धुकटते. म्हणून ते आम्ही मुद्दाम अकराव्या आठवड्यात, पाऊस सरण्याच्या बेताला ठेवले होते. घटस्थापना झाली, आणि बडोद्याचा नवरात्र काय असतो ते बडोदेकरांना सांगावयास नको. रात्री गरब्याच्या आवाजाने समाच्या खिडक्या थरथरतात. विद्यार्थी येत नाहीत आणि आले तरी त्यांचा सूर लागत नाही. चाळीस मिनिटे दुपारी नेली. बुधवारी कोरडे ऊन पडले. गच्चीवर सावलीत वॉर्निश मारले आणि वर टोपली पालथी घातली.

बाराव्या आठवड्यात चाके, पंखा, काचेचे झाकण. मंगळवारी रात्री काम संपले. एक दिवस शिल्लक होता. काकांनी तो रकाना रिकामाच ठेवावयास सांगितला.

खंडेनवमीला पाटावर वडिलांचा तबला-डग्गा, माझा तंबोरा, काकांची पट्टी आणि कंपास, आणि मध्ये विमान. सौभाग्यवतींनी त्याला झेंडूचे फूल वाहिले. फूल पंखाहून मोठे झाले. पूजा आटोपल्यावर काकांनी विमान हाती घेतले. मान थोडी डावीकडे वळवून, कडेच्या नजरेने, ते पुष्कळ वेळ पाहत राहिले. आधी शेपटीजवळचा पट्टा, मग अक्षरे. “ओ,” म्हणाले. थोडे थांबून, “एन.” मग पाठीवरून नख फिरविले.

काचेच्या कपाटात सहावे विमान आले. दुसऱ्या दिवशी, आपट्याची पाने देऊन झाल्यावर, काकांनी वही मागितली आणि विचारले की रामनवमीपर्यंत किती आठवडे होतात.